वैद्यकीय उपकरणं: रुग्ण आणि नातेवाईक वारंवार विचारतात ते प्रश्न

रुग्णालयातली यंत्रं तपासायची आणि बिघडली की दुरुस्त करायची, हे माझं काम. हातात स्क्रूड्रायव्हर असलेल्या माणसाला लोक बिचकत नाहीत. डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो ते प्रश्न ते मला विचारतात. वर्षानुवर्षं तेच ते प्रश्न येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. काहींना एक ओळ पुरते, काहींना पान लागतं. तुमच्या स्वतःच्या उपचारांबद्दल मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. मी यंत्रांबद्दल बोलतो आहे.

वैद्यकीय उपकरण नेमकं कशाला म्हणायचं?

आजार ओळखणं, त्यावर उपचार करणं, तो टाळणं, त्यावर लक्ष ठेवणं, शरीराच्या एखाद्या भागाची उणीव भरून काढणं, गर्भधारणा टाळणं किंवा तिला मदत करणं, यांपैकी कशासाठी तरी मुद्दाम बनवलेली वस्तू म्हणजे वैद्यकीय उपकरण. 'उपकरण' म्हटलं की डोळ्यांसमोर वायर, बटणं आणि पडदा येतो. पण जखमेवरची चिकटपट्टी, थर्मामीटर, कवळी, कुबड्या, चाकाची खुर्ची, कंडोम, टाके घालायचा दोरा, श्रवणयंत्र हीसुद्धा वैद्यकीय उपकरणंच आहेत. रक्तात साखर किती ते सांगणारी कागदासारखी पट्टी उपकरण आहे आणि फुप्फुसाच्या चित्रातली गाठ शोधून देणारं सॉफ्टवेअरही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगाच्या बाजारात अशी सुमारे २० लाख प्रकारची उपकरणं आहेत.

औषध आणि उपकरण यांतला फरक कसा ओळखायचा?

मुख्य काम कशाने होतं ते पाहायचं. पदार्थ शरीरात उतरला आणि तिथल्या रसायनांशी किंवा पेशींशी त्याने काही घडवून आणलं, तर ते औषध. वस्तूने आपलं काम आधार देऊन, दाबून, गाळून, मोजून किंवा विजेचा झटका देऊन केलं, तर ते उपकरण. सलाइन लावतात तेव्हा पिशवीतलं पाणी औषधाच्या नियमांत बसतं. नळी, सुई आणि थेंब मोजणारा पंप उपकरणांच्या.

सीमेवरच्या वस्तूंची मात्र गंमत असते. हृदयाच्या धमनीत बसवायच्या काही स्टेंटवर, म्हणजे बारीक जाळीच्या नळ्यांवर, औषधाचा लेप असतो. जाळी धमनी उघडी धरते, आणि लेपातलं औषध आतून पेशी वाढून ती पुन्हा अरुंद होऊ देत नाही. मुख्य काम जाळीचं, म्हणून स्टेंट उपकरणांत मोडतो, पण लेपातल्या औषधाची तपासणी वेगळी करावीच लागते.

एकच वस्तू कधी उपकरण असते आणि कधी नसते, हे कसं?

बनवणाऱ्याने ती कशासाठी म्हणून विकायला काढली यावर ते ठरतं. भांडी घासायचे रबरी हातमोजे उपकरण नाहीत; रुग्णाला तपासताना घालायचे आहेत. पावलं मोजणारं घड्याळ ही हौसेची वस्तू आहे. तेच घड्याळ 'तुमच्या हृदयाची लय अनियमित वाटते' असं सांगू लागलं की त्याने वैद्यकीय दावा केला, आणि तो दावा त्याला सिद्ध करून दाखवावा लागतो.

म्हणून खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. पुढच्या बाजूला हृदयाचं मोठं चित्र आणि मागे 'निदानासाठी वापरू नये' असं लिहिलेली कितीतरी यंत्रं माझ्या हातून गेली आहेत. चित्रापेक्षा मागची ओळ जास्त खरी असते.

उपचारांत उपकरणांचं काम नेमकं काय? डॉक्टर तर हातानेही तपासतात.

डॉक्टरांचे हात, कान आणि डोळे जिथवर पोचत नाहीत तिथे उपकरण पोचतं. पॅरिसमध्ये १८१६ साली रने लेनेक यांना एका तरुण स्त्रीचं हृदय तपासायचं होतं. तिच्या छातीला कान लावणं त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदांची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरं आपल्या कानाला लावलं. ठोके कान लावून ऐकू येतात त्यापेक्षाही स्पष्ट आले. पुढे कागदाची जागा लाकडी नळीने घेतली आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. शरीर न उघडता आत काय चाललंय ते कळू लागलं. १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि आतलं हाड दिसू लागलं. १९७१ मध्ये लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनरने पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूचे आडवे छेद दाखवले.

दुसरं काम शरीराची जागा घेण्याचं किंवा त्याला तात्पुरता टेकू देण्याचं. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या काचांचे तुकडे डोळ्यांत घुसलेले वैमानिक इंग्लंडमधले नेत्रतज्ज्ञ हॅरल्ड रिडली यांनी पाहिले. त्या काचा म्हणजे एक प्रकारचं पारदर्शक प्लास्टिक होतं, आणि डोळा त्या तुकड्यांवर चिडत नव्हता. मग त्याच प्लास्टिकचं भिंग करून डोळ्यात बसवलं तर? १९४९ मध्ये त्यांनी ते बसवलं. सहकाऱ्यांनी पुष्कळ वर्षं त्यांना वेड्यात काढलं. आज मोतीबिंदू काढल्यावर भिंग बसवणं इतकं सरावाचं झालंय की त्यामागे हा इतिहास आहे हे कोणाच्या मनातही येत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांसाठी पुरेशी यंत्रं नव्हती, आणि असे ८० टक्क्यांहून अधिक रुग्ण दगावत होते. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवी हाताने दाबत हवा आत ढकलायला सांगितलं. पिशव्या दाबायला वैद्यकीय विद्यार्थी बसले, पाळ्या लावून, दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे. सुमारे १,५०० जण या कामाला लागले. मृत्यूचं प्रमाण घसरून ४० टक्क्यांच्या आसपास आलं. आजचा अतिदक्षता विभाग त्या वॉर्डातून निघाला असं मानतात. तिथलं उपकरण होतं एक रबरी पिशवी. बाकी सगळं पिशवी दाबणाऱ्या हातांचं होतं. नवं महागडं यंत्र आलं की मला हा वॉर्ड आठवतो आणि मी पहिला प्रश्न विचारतो: हे चालवणार कोण?

रक्त-लघवी तपासायची किटही उपकरणं का?

हो. ती शरीराला लागत नाहीत, शरीरातून काढलेल्या नमुन्याला लागतात, म्हणून त्यांचा गट वेगळा आहे. पण चुकीचं निदान हाही रुग्णाला झालेला अपायच, त्यामुळे नियम त्यांनाही आहेत.

वर्ग अ, ब, क, ड किंवा १, २, ३ असं काहीतरी लिहिलेलं असतं. जास्त वरचा वर्ग म्हणजे जास्त चांगला दर्जा?

नाही. हा वर्ग दर्जाचा नाही, धोक्याचा असतो. वस्तू बिघडली किंवा चुकली तर रुग्णाचं किती बिघडेल, शरीरात किती खोल जाते, किती काळ राहते, हृदयाला किंवा मेंदूला भिडते का, हे पाहून वर्ग ठरतो. जीभ दाबायची पट्टी सगळ्यांत खालच्या वर्गात, सिरिंज आणि बीपीचं यंत्र मधल्या पायऱ्यांवर, पेसमेकर आणि हृदयाच्या कृत्रिम झडपा सगळ्यांत वर. देशोदेशी पायऱ्यांची संख्या आणि नावं बदलतात, तत्त्व तेच राहतं. जितका वरचा वर्ग, तितके जास्त पुरावे बनवणाऱ्याने द्यायचे.

बाजारात येण्याआधी या वस्तूंची तपासणी होते का? औषधांसारखी?

होते, पण औषधांसारखी नाही. औषधाचा रेणू एकदा ठरला की तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. उपकरणाची रचना दर दोन-चार वर्षांनी सुधारते: स्क्रू बदलतो, बॅटरी बदलते, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येते. शिवाय गोळीऐवजी नुसती साखरेची गोळी देऊन तुलना करता येते. खोटा गुडघा बसवून तुलना कशी करणार? त्यामुळे उपकरणांत प्रयोगशाळेतल्या चाचण्यांवर जास्त भर असतो. शरीराला लागणारा पदार्थ पेशींना अपायकारक नाही ना, यंत्रातून विजेचा धक्का बसत नाही ना, कृत्रिम सांधा लाखो वेळा वाकवल्यावर किती झिजतो, हे सगळं पाहतात. उपकरण काय काय प्रकारे चुकू शकतं याची आधीच यादी करून प्रत्येक चुकीवर उपाय दाखवावा लागतो. वरच्या वर्गातल्या उपकरणांना रुग्णांवरच्या अभ्यासाचे पुरावेही लागतात.

हे नियम आपसूक आलेले नाहीत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डाल्कन शील्ड नावाचं गर्भाशयात बसवायचं गर्भनिरोधक साधन लाखो स्त्रियांनी वापरलं. त्याची दोरी अनेक बारीक धाग्यांची होती. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसे तिच्यातून जंतू वर गर्भाशयात चढत. कित्येकींना गंभीर संसर्ग झाले, काही दगावल्या. त्या प्रकरणाचा धसका १९७६ च्या अमेरिकी उपकरण कायद्यामागे होता. पुढे २०१० मध्ये फ्रान्समधली एक कंपनी स्तनांच्या रोपणात कारखान्यात वापरायचं सिलिकॉन भरत असल्याचं उघड झालं. त्यानंतर युरोपने आपले नियम नव्याने लिहिले. ते २०१७ मध्ये मंजूर होऊन २०२१ पासून लागू झाले. दोन्ही वेळा किंमत आधी रुग्णांनी मोजली, नियम मागून आले.

घरी बीपी मोजलं की दर वेळी वेगळा आकडा येतो. यंत्र खराब आहे का?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं.

बीपी ही एक ठरलेली संख्या नाही, ती क्षणाक्षणाला हलते. त्यात मोजताना आपण चुका करतो. आधी दंडाचा पट्टा पाहा. शिपिओने रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाला बांधायचा पट्टा आणला, तो जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद होता आणि आकडे वाढवून दाखवायचा. पट्टा रुंद हवा हे पाच वर्षांतच लक्षात आलं. तीच चूक आजही घरोघरी होते: जाड दंडाला छोटा पट्टा, आणि मग वर आलेला आकडा पाहून घाबरणं. पट्ट्यातल्या हवेच्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के आणि लांबी ८० टक्के असावी. दंडाचा घेर किती चालतो ते पट्ट्यावर छापलेलं असतं. टेप घेऊन दंड एकदा मोजाच.

मग बसायचं कसं ते. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकमेकांवर टाकलेले नाहीत. पाच मिनिटं गप्प बसायचं. लघवी तुंबलेली नको. पट्टा उघड्या दंडावर, सदऱ्याच्या बाहीवर नाही. हात टेबलावर हृदयाच्या उंचीला टेकवायचा. हात १० सेंटिमीटर खाली लोंबला तर आकडा साधारण ८ ने वाढतो, आणि यात यंत्राचा काही दोष नाही, द्रवाच्या दाबाचा साधा नियम आहे. मोजताना बोलायचं नाही. 'किती आलं, किती आलं' असं शेजारून विचारणाऱ्याला उत्तरही द्यायचं नाही. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहून ठेवायचे.

आणखी एक. घरचं स्वयंचलित यंत्र स्टेथोस्कोपसारखे आवाज ऐकत नाही. पट्ट्यातल्या हवेला नाडीचे बारीक हेलकावे बसतात, त्यांवरून ते वरचा आणि खालचा आकडा गणिताने काढतं. नाडी अनियमित असेल तर हे गणित चुकतं. अशांनी आपल्यासाठी कोणतं यंत्र चालेल ते डॉक्टरांना विचारून घ्यावं. आणि वर्षातून एकदा आपलं यंत्र दवाखान्यात नेऊन तिथल्या यंत्राशी ताडून पाहावं.

ग्लुकोमीटरचा आकडा आणि प्रयोगशाळेचा आकडा जुळत नाही. कोणावर विश्वास ठेवायचा?

निदानासाठी प्रयोगशाळेवर, रोजच्या चढउतारासाठी ग्लुकोमीटरवर. घरच्या ग्लुकोमीटरसाठीचं आंतरराष्ट्रीय मानकच मुळात काही फरक मान्य करतं. साखर १०० किंवा त्याहून जास्त असेल तर १०० पैकी ९५ मोजण्या खऱ्या आकड्याच्या १५ टक्के इकडेतिकडे आल्या तरी यंत्र उत्तीर्ण. म्हणजे खरी साखर २०० असताना १७५ दिसले किंवा २२५ दिसले, तरी यंत्र आपल्या मर्यादेतच आहे. त्यामुळे काल १४२ आणि आज १५१ म्हणजे साखर वाढली, असा अर्थ काढू नका.

याहून मोठे फरक आले तर चूक शोधा. सगळ्यांत नेहमीची म्हणजे बोटाला लागलेला फळाचा रस. धुऊन पुसलेल्या बोटावर जो आकडा येतो त्याच्या दुपटीनेही तो फसवू शकतो. दुसरी, पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहणं. त्या पट्ट्यांवर एंझाइम असतं आणि ते दमट हवेत खराब होतं. तिसरी, रक्त येत नाही म्हणून बोट पिळणं. रक्ताक्षय असेल तरी काही ग्लुकोमीटरचे आकडे सरकतात.

दंडावर चिकटवायचा सेन्सर वापरत असाल तर तो रक्तातली नाही, कातडीखालच्या पेशींच्या मधल्या जागेतल्या पाण्यातली साखर मोजतो. रक्तातला बदल तिथे पोचायला काही मिनिटं लागतात. साखर झपाट्याने उतरत असेल तेव्हा तो थोडा मागे असतो. अंगाला घाम आणि कापरं सुटलंय आणि सेन्सर मात्र 'ठीक' म्हणतोय, असं झालं तर बोटाचं रक्त तपासा.

ऑक्सिमीटरवर ९३ आलं. घाबरायचं का?

आधी बोट बदला. थंड बोट, नखाला रंग, मेंदी, हलणारा हात, थेट पडणारं ऊन, या सगळ्यांनी आकडा चुकतो. हे यंत्र बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश पाठवतं आणि नाडीच्या ठोक्याबरोबर कोणता किती शोषला जातो ते पाहतं. ही युक्ती जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांची, १९७० च्या दशकातली. आकड्याला दोन-तीन टक्क्यांची सूट धरायचीच असते. रंगाने सावळ्या-काळ्या लोकांमध्ये हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतं, हेही २०२० नंतर प्रकर्षाने समोर आलं. ही गोष्ट खोक्यावर ठळक छापायला हवी असं माझं मत आहे.

बंद खोलीत शेगडी किंवा इंजिन धुमसून विषारी वायू कोंडला असेल तर ऑक्सिमीटर साफ फसतो. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं. तिथे ९९ आकडा दिसला तरी माणसाला आधी उघड्यावर आणून मग रुग्णालयात न्यायचं. आणि धाप लागली असेल, ओठ निळे पडले असतील, तर यंत्रात काय दिसतंय ते बघत बसू नका.

पाऱ्याचं थर्मामीटर वापरायचं की नाही?

असेल तर जपून, नवं घेऊ नका. पारा विषारी आहे, म्हणून २०१३ च्या मिनामाता कराराने पाऱ्याचे थर्मामीटर आणि बीपी यंत्रं २०२० पर्यंत बनवणं थांबवायचं ठरलं. फुटलंच तर झाडूने किंवा व्हॅक्यूमने गोळा करू नका. खिडक्या उघडा, जाड कागदाने थेंब एकत्र करून झाकणाच्या बाटलीत भरा.

सिरिंज स्वच्छ उकळून पुन्हा का नाही वापरायची? फुकट जाते.

सुईचं पोकळ छिद्र इतकं बारीक असतं की आत सुकलेलं रक्त धुऊन निघत नाही, आणि जिथे घाण राहते तिथे वाफ पोचली तरी जंतू वाचतात. प्लास्टिक उकळल्यावर वाकडं होतं, दट्ट्या सैल पडतो, मात्रा चुकते. एका वापरात सुईचं टोकही बोथट होऊन वळतं; सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर ते गळासारखं दिसतं. कावीळ आणि एचआयव्ही पसरायला एवढं पुरतं.

मग शस्त्रक्रियेची हत्यारं पुन्हा कशी वापरतात?

ती धातूची, उघडून धुता येतील अशी आणि त्यासाठीच बनवलेली असतात. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांनी घालून दिलेली विभागणी आजही चालते: ऊतींमध्ये किंवा रक्तात शिरणारं सगळं पूर्ण निर्जंतुक हवं, तोंड-घसा-आतड्याच्या आतल्या पडद्याला लागणारं उच्च पातळीचं निर्जंतुकीकरण झालेलं हवं, नुसत्या कातडीला लागणारं स्वच्छ पुसलेलं चालतं. हत्यारं आधी घासून धुतात आणि मग ऑटोक्लेव्हमध्ये १२१ किंवा १३४ अंश सेल्सिअसच्या दाबाखालच्या वाफेत ठेवतात. हे दुसरं काम यंत्र करतं. पहिलं, घासायचं, माणसं करतात, आणि तिथे आळस झाला तर पुढचं यंत्र ती चूक सुधारत नाही.

पाकिटावरच्या चिन्हांचे अर्थ काय?

वाळूचं घड्याळ म्हणजे या तारखेपर्यंत वापरा. गोलात २ आणि त्यावर तिरकी रेघ म्हणजे एकदाच वापरायचं. धुराडं असलेला कारखाना म्हणजे बनवणारा कोण. खाली तारीख असेल तर ती बनवल्याची. छत्री आणि थेंब म्हणजे कोरड्या जागी ठेवा. फाटलेलं पाकीट आणि त्यावर फुली म्हणजे पाकीट फाटलं असेल तर आतली वस्तू वापरू नका. ही शेवटची खूण लोक सर्रास दुर्लक्षित करतात.

शरीरात बसवलेलं उपकरण किती वर्षं चालतं?

पहिला पूर्णपणे शरीरात बसवलेला पेसमेकर १९५८ मध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना बसवला, आणि तो काही तासांतच बंद पडला. लार्सन मात्र पुढे २००१ पर्यंत जगले, एकापाठोपाठ वीसहून अधिक पेसमेकर वापरून. आताच्या पेसमेकरची बॅटरी बहुधा ८ ते १२ वर्षं जाते. ती संपत आल्याचं तपासणीत आधीच कळतं. गुडघ्याचे बहुतेक कृत्रिम सांधे पंधरा-वीस वर्षं सहज काढतात. डोळ्यातलं भिंग सहसा बदलावं लागत नाही.

बसवताना मिळालेलं कार्ड जपून ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये असू द्या. त्यावर मॉडेल आणि अनुक्रमांक असतो. एमआरआय करायची वेळ आली की पहिल्यांदा तोच लागतो. काही पेसमेकर ठरावीक अटींवर एमआरआयला चालतात, काही नाहीत. एमआरआयचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजारो पट ताकदीचं असतं आणि ते तपासणी नसतानाही चालूच असतं. खोलीत माणूस नाही म्हणून आत ऑक्सिजनचं नळकांडं नेलं तर ते उडत जातं.

रुग्णालयातल्या यंत्रांवर तारखेचा स्टिकर असतो, तो कशाचा?

माझ्यासारख्याने शेवटचं कधी तपासलं आणि पुढचं कधी तपासायचं याचा. तपासणी म्हणजे यंत्राला माहीत असलेली गोष्ट मोजायला लावणं. सलाइनचा पंप तासाला १०० मिलिलिटर सोडतो म्हणतो ना, मग तासाभराने मोजपात्रात खरंच तेवढं आहे का? विजेचा झटका देणारं यंत्र २०० जूल म्हणतं, तर बाहेर तेवढे पडतात का? यंत्रं बंद पडतात ती बरं करतात, निदान कळतं तरी. चालू राहून हळूहळू चुकायला लागतात ती त्रास देतात. पडद्यावर आकडा तसाच ठसठशीत दिसतो, खोटा असला तरी.

आणखी एक कडू सत्य. यंत्रं बऱ्याचदा मोठ्या दोषाने पडून राहत नाहीत. एक फ्यूज, एक वायर, एक गाळणी मिळत नाही, माहितीपुस्तिका हरवलेली असते, चालवायला शिकलेला माणूस बदलून गेलेला असतो. मीही एकदा मोठं व्हेंटिलेटर दोन आठवडे बंद पाहिलं आहे, एका छोट्या सेन्सरपायी. यंत्र घेताना फक्त खरेदीचे पैसे मोजतात आणि पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचे मोजत नाहीत, तिथे हे व्हायचंच.

मॉनिटर सारखा टीं-टीं वाजतो आणि नर्स लगेच येत नाहीत. दुर्लक्ष आहे का?

बहुतेक वेळा नाही. बरेचसे अलार्म छातीवरची चिकटपट्टी सुटली, हात हलला, बोटाची क्लिप निसटली यांचे असतात. सतत वाजत राहिलं की कानांना त्याची सवय होऊन खरा अलार्मही निसटतो, हा जगभर ओळखला गेलेला धोका आहे. उपाय म्हणजे प्रत्येक रुग्णाला साजेशा मर्यादा लावणं. तुम्ही स्वतः बटण दाबून आवाज बंद करू नका. दोन मिनिटांत कोणी आलं नाही तर हाक मारा, भीड बाळगू नका.

सॉफ्टवेअर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर कितपत भरवसा ठेवायचा?

थेरॅक-२५ नावाचं कर्करोगावर किरणोपचार देणारं यंत्र होतं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरण दिले, काही दगावले. आधीच्या यंत्रांत चुकीची मात्रा अडवणारे यांत्रिक अडसर होते, इथे ते काढून काम सॉफ्टवेअरवर सोपवलं होतं. चालवणाऱ्याने आकडे फार चपळाईने दुरुस्त केले की आतला क्रम बिघडायचा. पडद्यावर यायचं फक्त 'मालफंक्शन ५४'. त्याचा अर्थ पुस्तिकेत धड नव्हता, आणि असे संदेश इतक्या वेळा येत की पुढे जाण्याचं बटण दाबायची सवय पडली होती.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं एक्स-रे चाळायला, डोळ्याच्या पडद्यावरचे मधुमेहाचे डाग शोधायला खरोखर उपयोगी पडतात. मी मात्र तीन गोष्टी विचारतो: कोणत्या लोकांच्या चित्रांवर ते शिकलं, चुकलं तर कोणाच्या लक्षात येईल, आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की पुन्हा कोण तपासतं.

दुसऱ्याने वापरलेलं यंत्र घ्यावं का?

चाकाची खुर्ची, कुबड्या, पलंग खुशाल घ्या. चाकं आणि ब्रेक तपासा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेतलात तर बाहेर पडणारा ऑक्सिजन किती टक्के आहे ते मोजून घ्या. आतला झिओलाइट (हवेतला नायट्रोजन शोषणारे खडे) दमट झाला की यंत्र आवाज पूर्वीसारखाच करतं, ऑक्सिजन मात्र घटतो. नेब्युलायझरचं यंत्र चालेल, पण त्याचं तोंडावर धरायचं भांडं आणि नळी प्रत्येकाची स्वतःची हवी.

उपकरणाने इजा झाली किंवा ते संशयास्पद वाटलं तर काय करायचं?

ते फेकू नका, धुऊ नका, उघडू नका. पाकीट, लॉट क्रमांक आणि अनुक्रमांक यांचे फोटो काढा, काय झालं ते वेळेसह लिहा, आणि डॉक्टर, बनवणारी कंपनी व देशातली नियामक संस्था यांना कळवा. एकट्या घटनेने काही सिद्ध होत नाही, पण एकाच लॉटमधून पाच ठिकाणांहून तक्रारी आल्या तर ते उघड दिसतं. 'रिकॉल', म्हणजे कंपनीने सदोष वस्तू परत मागवणं किंवा दुरुस्त करणं, हा शब्द ऐकून मात्र दचकू नका. प्रत्येक वेळी शरीरातलं उपकरण काढायचंच असं नसतं. कधी नुसतं सॉफ्टवेअर बदलतात, कधी तपासणी जास्त वेळा करतात. बसवलेलं उपकरण घाईने काढण्याची शस्त्रक्रिया काही वेळा त्या दोषापेक्षा जास्त जोखमीची असते.

घरी वापरलेल्या सुया कुठे टाकायच्या?

जाड प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या बरणीत. टोपण परत लावायला जाऊ नका, बोटाला टोचतं ते तेव्हाच. बरणी तीनचतुर्थांश भरली की बंद करून चिकटपट्टीने गुंडाळा, वर 'सुया' असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि जिथून उपचार घेता त्या दवाखान्यात ती घेतात का ते विचारा. कचरा वेचणाऱ्याच्या हाताला ती उघडी लागता कामा नये.